चार इंची खिळे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, की पाहुणेरावळे किती येतात तेही विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, "मॅडम, तुम्ही भिंतीत खिळा मारणार का?"

मी म्हटलं, "कॅलेंडर लावायला एखादा लागेलच की."

"मंग जमत न्हाई," असं म्हणून ते चपला शोधायला लागलेसुद्धा.

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, बसा खाली. मॅडम, कॅलेंडर मी दोरीवर लावून देते. तुम्ही सामान आणा." बँकेनं बदनापूरला बदली केलेली, लॉजवर राहून कंटाळलेली, त्यामुळे मीही फार ताणून धरलं नाही. पुढं त्या घरात मी राहिले तोवर माझं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेल्या सुतळीवर लोंबत राहिलं आणि पंखा लावला की महिने आपोआप उलटायचे.

काका निवृत्त तलाठी. जिल्ह्यात टेंभुर्णीपासून हसनाबादपर्यंत सगळीकडं नोकरी केलेली, त्यामुळे माणसाचं नाव विसरले तरी त्याचा गट नंबर विसरायचे नाहीत. रस्त्यात कुणी रामराम घातला की पुटपुटायचे, "हा ओढ्याच्या कडंचा, सामाईक विहिरीवाला." अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि पँटच्या खिशात एक पाना. चालताना खिसा वाजायचा. नट, बोल्ट, वायसर असा सगळा ऐवज त्यात असायचा, आणि काकूंचं निम्मं आयुष्य धुण्याआधी ते खिसे रिकामे करण्यात गेलं होतं.

त्या घरात खिळा नव्हता. देव्हाऱ्याची फळी, भांड्यांची मांडणी, दाराची चौकट, न्हाणीचा आडोसा, सगळं नट-बोल्टानं आवळलेलं. बरं, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं असल्यामुळे सगळंच थोडं थोडं हलायचं. भोक नेहमी बोल्टापेक्षा मोठं पडायचं. मग त्यात दोन वायसर, तरी हललं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मला दिलेल्या टेबलावर मी कधी नीट सही केली नाही. पहिलं अक्षर जालन्यात आणि शेवटचं औरंगाबादेत अशी सही यायची. तक्रार केली की ते पाना घेऊन यायचे, टेबलाखाली आडवे व्हायचे आणि तिथूनच व्याख्यान द्यायचे.

"हलतंय ते दिसून राह्यलं ना तुम्हाला? दिसतंय म्हणून आवळता येतंय. खिळा मारला असता तर एक दिवस डायरेक्ट मोडलं असतं."

त्यांचं दुसरं एक आवडतं वाक्य होतं. "ठोकणं म्हणजे जबरदस्ती. आवळणं म्हणजे समजूत." हे ते लग्नात सांगायचे, दहाव्याला सांगायचे, एकदा तर आमच्या बँकेत येऊन मॅनेजरसाहेबांना सांगितलं. आले होते पेन्शनसाठी. साहेबांच्या समोरची खुर्ची डुगडुगली, तर हे खाली बसून खिशातला पाना काढून ती आवळायला लागले. साहेब टेबलावरून वाकून विचारतायत, "आजोबा, काही पडलं का?" मी फाईलमागं तोंड लपवलं.

घरामागं परसदार होतं आणि परसदाराच्या मधोमध लाकडी फळ्यांचं कुंपण. जालन्याच्या कारखान्यांत मोठमोठ्या पेट्यांतून यंत्रं येतात, त्या पेट्यांच्या जुन्या फळ्या आणून काकांनीच ते उभं केलेलं. अर्थात नट-बोल्टानं. कुंपणापलीकडं त्यांचे सख्खे धाकटे भाऊ राहायचे. त्यांची पिठाची गिरणी होती. जागा एकच, वडिलांची. वाटणी झाली आणि मधे फळ्या आल्या. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत.

बोलत नसत म्हणजे थेट बोलत नसत. गिरणीवाल्यांची एक शेळी होती, ती कुंपणाला अंग घासत उभी राहायची. ते तिच्याशी बोलायचे, पण आवाज असा लावायचे की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावं. "इकडं सरक गं. तिकडं हुशार लोक राहतात. तुझी शिंगं बी आवळून देतील." मग काका आपल्या कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणायचे, "खा बायांनो. आपल्याकडं पीठ न्हाई, पण खडे बी न्हाईत." शेळी आणि कोंबड्या, दोघींनाही त्याचं काही सोयरसुतक नसायचं. पण मला पहिले काही दिवस वाटलं, या घरात जनावरांशी फारच बोलतात बुवा.

याचं कारण मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो.

"ह्यांनी जन्मभर लोकांच्या वाटण्या पाहिल्या. भाऊभाऊ हमरीतुमरीवर आले की हे मधे बसून समजावणार. आपली वाटणी बी बिलकुल शांततेत झाली, मॅडम. हसनाबादची जमीन झाली, ही जागा झाली, भांडी झाली. शेवटाला सासऱ्यांचा बाक राह्यला. बाभळीचा. त्याच्यावर ते संध्याकाळी बसायचे. दोघांना बी पाहिजे. कोणीच सोडंना. मंग कोणीतरी म्हणलं, उकला आन् निम्म्या निम्म्या फळ्या घ्या. तर खिळे निघंनात. अंबूर लावला, पहार लावली, एकीकडून हे ओढून राह्यले, एकीकडून भाऊजी. अन् कडाकड फाटला बाक मधून. ह्यांनी म्हणलं तू ओढला, ते म्हणले तू ओढला. तवापासून असं हाय."

मेथीची पुढची जुडी ओढत म्हणाल्या, "जमिनीवरून झालं असतं तर मी समजले असते."

काकांनी त्या प्रसंगातून काय धडा घेतला? भावाशी बोलावं हा नाही. त्यांनी धडा घेतला तो खिळ्यांबद्दल. तो बाक नट-बोल्टाचा असता तर शांतपणे उघडला असता, असं त्यांचं पक्कं मत झालं. म्हणून तेव्हापासून जे जे बांधायचं ते उघडता आलं पाहिजे. आपण आजच सोडायच्या तयारीत असावं, म्हणजे सोडताना काही फाटत नाही. माणूस किती शिकलेला असला तरी आपल्याला सोयीचा तेवढाच धडा घेतो, हे मला तेव्हा नीट कळलं.

पण त्या कुंपणाची एक गंमत माझ्या लक्षात आली होती. सगळ्या फळ्यांचे नट पान्यानं करकचून आवळलेले. एका कोपऱ्यातली एकच फळी वेगळी. तिला दोन कान असलेले, हातानं फिरवायचे नट होते, आणि तेही बाईमाणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. काका जेवून आडवे झाले की काकू ते नट फिरवायच्या, फळी बाजूला सरकायची आणि पलीकडून त्यांच्या जाऊबाईंचा हात यायचा. कधी वाटीभर ठेचा, कधी बाजरीचं पीठ. इकडून अंडी जायची. दोघी जावांचं सगळं सुखदुःख त्या फटीतून चालायचं.

मी एकदा काकांना सहज विचारलं, "काका, त्या एकाच फळीला वेगळे नट कसे हो?"

"तेव्हा दुकानात दुसरे नव्हते," ते म्हणाले आणि पेपर वर धरला.

काकूंचा जीव कोंबड्यांत होता. गावरान कोंबड्या, सात-आठ असतील, आणि एक तुरेबाज कोंबडा. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे काकू त्यांच्याशी दिवसभर बोलायच्या. भावांसारखं दुसऱ्याला ऐकवायला नाही, खरंखुरं. रात्री त्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवायच्या. पण कोंबड्या वाढल्या, डालगी पुरेनात, आणि समोरच्या पडक्या जागेत मुंगसानं बिऱ्हाड केलं. मग काकूंनी खुराडं मागितलं. साधं खुराडं. गावातला कुठलाही सुतार एका दिवसात ठोकून देईल असं.

"ठोकून" हा शब्द ऐकला आणि काकांनी काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

पुढचे कित्येक दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काकांना मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईचे व्हिडिओ सापडले. ती बाई आपल्या परसदारात कोंबड्यांना आमच्या भाड्याच्या खोलीपेक्षा मोठं घर बांधत होती. काकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी बँकेतून आले की चहाच्या आधी भाषांतर.

"काय म्हणून राह्यली ती?"

"म्हणते खिळे हळूहळू बाहेर येतात. स्क्रू वापरा."

"पहिलं बराबर हाय. दुसरं न्हाई. स्क्रू म्हणजे आतल्या गाठीचा माणूस. आत कुठं धरलंय, किती धरलंय, दिसत न्हाई. बोल्टाचं डोकं बी दिसतं, शेपूट बी दिसतं. पुढं?"

"म्हणते जाळीला यू आकाराचे खिळे मारू नका. जनावर ओढून काढतं. स्क्रूखाली मोठा वायसर घाला."

वायसरचं नाव निघाल्यावर काकांनी त्या बाईला एकदम मान दिला. "हुशार हाय. कोणत्या गावची?"

मग एका सुट्टीला मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून जालन्याला नेलं. हार्डवेअरच्या दुकानात जो काही तमाशा झाला तो मी विसरणार नाही. काकांनी बोल्ट हातात घेऊन उजेडाकडं धरले, आटे नखानं तपासले, जस्ताचा मुलामा दाताला लावून बघितला. चौकटीला वेगळे, दाराला वेगळे, पत्र्याला वाकडे हुकाचे बोल्ट, त्याखाली डांबरी वायसर. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी दुकानदारानं विचारलं, "काका, कोंबड्याच हाईत ना? का वाघ ठेवून राह्यले?"

"कोंबड्या हाईत. पण उद्या जागा बदलली तर खुराडं उकलून नेता आलं पाहिजे."

"खुराडं कोण उकलून नेतंय हो? एवढा खर्चा कशाला? पावशेर खिळे घ्या, बस झालं."

काका त्याच्याशी त्यानंतर बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि बाहेर आले.

खुराडं झालं मात्र छान. कुंपणालगत, कारण सावली तिथंच पडायची. कडुनिंब गिरणीवाल्यांचा, सावली आमच्यात. कुंपणालगत, पण कुंपणाला न चिकटता. मधे बोटभर फट ठेवली होती. सामाईक कुंपणाला आपली वस्तू टेकवली की ती कब्जाची खूण होते आणि तिथून भांडणं सुरू होतात, हे तलाठी माणसाला कोण सांगणार? खुराडं चार पायांवर एकटंच उभं होतं. पलीकडून शेळीला सांगण्यात आलं, "बघ गं, राजवाडा झाला. आता दरवान ठेवतील."

उन्हाळा सुरू झाला. आमच्याकडचं ऊन लाकूड कसं पिळून काढतं ते सांगायला नको. फळ्या आकसल्या, बोल्ट सैल पडले. काका रोज सकाळी चहाच्या आधी एकेक नट आवळायचे. कोंबड्यांना त्या पान्याच्या आवाजाची इतकी सवय झाली की तो वाजल्याशिवाय त्या बाहेर पडत नसत. त्यातच टेंभुर्णीला भाचीचं लग्न निघालं आणि दोघं मुक्कामाला गेले. काकूंनी कोंबड्या माझ्या हवाली केल्या. मी दाणा-पाणी केलं, ऊन फार म्हणून दार लावून त्यांना आतच ठेवलं आणि बँकेत गेले. पान्याचं काम मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मला जमलं नसतं.

दुपारी मागच्या बाजूची एक फळी नट गळून खाली लोंबली आणि मुंगूस आत शिरलं.

संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा पिसंच पिसं. दोन कोंबड्या वरच्या दांडीवर अंग चोरून बसल्या होत्या, बाकी सगळं संपलं होतं. कोंबडासुद्धा. मी फोन केला नाही. माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, हातात लग्नातले बुंदीचे लाडू होते, त्या तशाच परसदारात गेल्या. मला वाटलं आरडाओरडा होईल. त्या पिसं गोळा करत बसल्या. सगळी पिसं एका टोपलीत भरली आणि मग उभं राहून काकांना म्हणाल्या,

"तुमचं खुराडं सोडायला बांधलेलं हाय. माझ्या कोंबड्यांना ऱ्हायचं होतं."

काका काहीतरी बोलायला गेले. "लाकूड आकसलं, त्याला मी तरी..."

"खिळे ठोका. तोपर्यंत माझ्या कोंबड्या इथं ऱ्हाणार न्हाईत." असं म्हणून त्या कोपऱ्यातल्या फळीपाशी गेल्या, काकांच्या डोळ्यांदेखत ते कानाचे नट फिरवले, फळी सरकवली आणि उरलेल्या दोन्ही कोंबड्या पलीकडं जाऊबाईंच्या हातात दिल्या. एवढ्या वर्षांची चोरी त्यांनी उघडपणे केली. फळीबद्दल काकांनी एक शब्द काढला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकू स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, बोलायच्या नाहीत. सकाळी काका सवयीनं पाना घेऊन परसदारी जायचे आणि रिकाम्या खुराड्यासमोर उभे राहायचे. पलीकडून त्यांच्याच कोंबड्यांचा आवाज यायचा. गिरणीवाले मात्र आश्चर्य म्हणजे शेळीशी काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, कोंबड्या मेल्याचं त्यांनाही लागलं असावं.

एके दिवशी बँकेतून परत येताना काका मला बदनापूरच्या बाजारात दिसले, गल्लीतल्या लहान हार्डवेअरच्या दुकानासमोर. आत जात नव्हते, निघतही नव्हते. मी स्कूटी थांबवली, तसे माझ्याबरोबर आत आले. दुकानदार त्यांना ओळखत होता. "बोला काका, कोणते नट?"

"खिळे," काका म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की त्याला दोनदा विचारावं लागलं.

"कशाला पाहिजेत?"

काकांनी सांगितलं. खुराड्याच्या मागच्या चौकटीची पट्टी, तिला लागून कुंपणाची फळी, दोन्ही मिळून एक. म्हणजे खुराडं आता कुंपणालाच ठोकायचं. मी त्यांच्याकडं बघितलं, ते डब्यांकडं बघत होते. दुकानदारानं एक खिळा काढून दाखवला. "मंग दोन इंची घ्या. बराबर बसतो, पलीकडं निघत बी न्हाई."

काकांनी तो हातात घेतला, पुष्कळ वेळ उलटासुलटा केला आणि परत ठेवला. "चार इंची दे."

"अहो, टोकं बाहेर निघतील की."

"चार इंची दे म्हणलं ना."

रविवारी त्यांनी खुराडं सरकवून कुंपणाला टेकवलं आणि ठोकायला घेतलं. आयुष्यात कधी खिळा न ठोकलेला माणूस. पहिला घाव अंगठ्यावर. काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. प्रत्येक घावाला सगळं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत होतं आणि पलीकडं शेळी ओरडत होती. मी धुण्याच्या दगडावर चढून वरून डोकावले. फळीतून एकामागून एक टोकं बाहेर येत होती, आणि गिरणीवाले हात मागं बांधून ती टोकं बघत उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे. चेहऱ्यावर काय आहे ते कळेना.

"काका, टोकं पलीकडं निघालीत," मी घाबरून म्हटलं.

"माहीत हाय मला."

सगळे खिळे संपल्यावर त्यांनी हातोडी खुराड्यावर ठेवली, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवले नाहीत. काकू मला हळूच म्हणाल्या, "आता भाऊजी पोलिसात जातात का काय कोण जाणे." संध्याकाळी पलीकडून आवाज आला, पण त्यात नेहमीची धार नव्हती. "तिकडं अंग घासू नको गं. काटे उगवलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं परसदारात चहा घेत होतो. पलीकडून टकटक सुरू झाली. बारीक, अंदाज घेत. गिरणीवाले खिळ्यांची टोकं मुडपत होते.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगते. निघालेलं टोक मुडपायचं तर डोक्याच्या बाजूनं कुणीतरी काहीतरी जड दाबून धरावं लागतं. नाहीतर टोकावर मारलं की खिळा मागं सरकतो. तसंच व्हायला लागलं. आमच्या बाजूला खिळ्यांची डोकी एकेक करून बाहेर डोकवायला लागली. काका कपबशी हातात धरून ते बघत होते. एक डोकं चांगलं बोटभर बाहेर आलं. काकूंनी काकांकडं बघितलं. मीही बघितलं.

काकांनी कपबशी खाली ठेवली. उठले, हातोडी घेतली, खिळ्याचं डोकं परत ठोकून आत बसवलं आणि हातोडी त्यावर दाबून धरली.

पलीकडचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा मारलं, आणि आवाज बदलला. आधी पोकळ येत होता, आता भरीव आला. खिळा जागचा हलला नाही.

पण पुढचा कोणता? काका खालच्या खिळ्याला धरून बसले आणि घाव वरच्यावर पडला. तो मागं आला. काका वर गेले तर घाव खाली. असं दोन-तीनदा झालं. शेवटी पलीकडून गिरणीवाले म्हणाले, "सांग गं शेळे कोणालातरी, वरून खाली येऊन राह्यलो म्हणून."

काकांनी मान हलवली, जणू पलीकडं दिसणार होतं, आणि वरच्या खिळ्यापासून सुरुवात केली. मग जमलं. इकडून धरायचं, तिकडून मारायचं. धरायचं, मारायचं. मधल्या एका खिळ्याला सुजलेल्या अंगठ्यामुळे काकांची हातोडी घसरली, पलीकडून घाव बसला आणि खिळा सर्रकन मागं आला.

"दादा, बराबर धर ना!"

बहुतेक बोलून गेल्यावरच गिरणीवाल्यांच्या लक्षात आलं असावं. काकू पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या, आवाज न करता. काकांनी मागं आलेला खिळा पुन्हा आत बसवला आणि हातोडी दोन्ही हातांनी दाबली.

"धरलंय. मार तू."

राहिलेले सगळे खिळे झाले. त्या बाजूची टोकं फळीत अशी रुतून बसली की त्यांच्यावरून हात फिरवला तरी लागायची नाहीत. जाऊबाईंनी नंतर आम्हाला सांगितलं. मग काका स्वतः कोपऱ्यातल्या फळीपाशी गेले, कानाचे नट आपल्या हातानं फिरवले आणि फळी सरकवली. जाऊबाईंनी एकेक कोंबडी दिली. दोन होत्या, तिसरी एक तरणी तलंग आली. "ही भाऊजींकडून," काकू म्हणाल्या. काकांनी ती उलटीसुलटी बघितली, बोल्ट बघायचे तशी, आणि खुराड्यात सोडली.

यानंतर भाऊ गळ्यात गळे घालून हिंडले असं काही झालं नाही. दिवाळीला एकत्र जेवले नाहीत. बोलणं व्हायचं ते खुराड्याबद्दल, फार तर शेळीबद्दल. काकांनी घरातलं बाकी काही बदललं नाही. माझं टेबल अखेरपर्यंत हललं, आणि कॅलेंडर सुतळीवरच राहिलं.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी परसदारी गेले. काका खुराड्यापाशी बसले होते. जाता जाता मी म्हटलं, "काका, त्या दिवशी दुकानात छोटे खिळे होते की हो. दोन इंची. त्यानं तुमच्या हातात दिला होता."

"तेव्हा दुकानात दुसरे नव्हते," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

मग त्यांनी खुराड्याची चौकट धरून हलवून दाखवली. ती तसूभर हलली नाही. खिशातला पाना काढून त्यांनी एका खिळ्याच्या डोक्याला लावला आणि पुन्हा खिशात ठेवला. तोंड असं वाकडं केलं की जणू कुणी त्यांना फसवलंय.

"बघा ना मॅडम, काय करून बसलो मी. आता हे उकलायचं म्हणलं तरी तिकडून एक माणूस लागतो."